शाळेतील गृहशास्त्राचे ओटे पाडावेत की ठेवावेत?

पाणवठा

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघावर यंदा माझी निवड झाली आहे. शाळेच्या मागच्या अंगाला 'गृहशास्त्र कक्ष' अशी पुसट पाटी असलेली एक खोली आहे. आत चार ओटे, प्रत्येक ओट्याला नळ, भिंतीकडेला पाच पायमशिनी आणि काचेच्या कपाटात पिवळी पडलेली झबली-टोपडी. विषय बंद होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली असावीत. सध्या तेथे मोडके बाक ठेवलेले असतात. संस्थेचा विचार असा आहे की ओटे काढून टाकावेत, मशिनी भंगारात द्याव्यात आणि खोलीत रोबोटिक्सची प्रयोगशाळा करावी. पुढच्या शनिवारी त्यावर सभा आहे.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हा विचार योग्यच वाटला होता. मग घरात एक प्रसंग घडला. माझा मुलगा नववीत आहे आणि चक्रवाढ व्याजाची उदाहरणे तो बिनचूक सोडवतो. गेल्या महिन्यात मोबाइल घ्यायला तो आईबरोबर गेला होता. किंमत २४,००० रुपये. ४,००० रुपयांचे सहा हप्ते, 'शून्य टक्के व्याज', प्रक्रिया शुल्क ५०० रुपये. रोख घेतल्यास १,५०० रुपये सूट होती. मुलाने आईला पटवून दिले की व्याजच नाही म्हटल्यावर हप्त्यांनी घेण्यात शहाणपणा आहे, आणि दोघे तसा मोबाइल घेऊन आले. पुस्तकातील व्याज आणि दुकानातील व्याज यांची त्याच्या डोक्यात कधी गाठच पडलेली नाही.

मुले हे कोठे शिकणार? गृहविज्ञान, घरखर्च, ग्राहकाचे हक्क, आहार, शिवणटिपण हे सगळे शाळेने शिकवावे असा आग्रह धरणे रास्त आहे का, की मी जुन्या पाटीकडे पाहून हळवा होतो आहे?

खमंग

ओटे पाडण्यापूर्वी बाह्य परीक्षकांची ना हरकत घ्यावी, अशी नम्र सूचना आहे. आमच्या शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी जे परीक्षक येत, ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटे आणि गृहशास्त्राच्या कक्षात दीड तास थांबत असत.

धावदोरा

खमंग, मी त्या दीड तासाच्या दुसऱ्या बाजूला २८ वर्षे उभी होते, त्यामुळे आपला विनोद मला जरा जास्तच कळला.

पाणवठा, या विषयाला लोक 'स्वयंपाक आणि शिवण' म्हणतात, परंतु नीट शिकवला तर तो घरात बसून शिकण्याचे विज्ञान आहे. रक्ताचा डाग गरम पाण्याने धुतला तर पक्का का बसतो, याचे उत्तर प्रथिनांच्या गुणधर्मात आहे. म्हणून तो आधी गार पाण्यात भिजवायचा. पालेभाजीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह शरीराला अधिक मिळते आणि जेवणाबरोबर चहा घेतल्याने ते कमी मिळते, हे मी दरवर्षी शिकवत असे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे एकट्या लिंबाने सुटणारे नाही, कारण ताटात मुळात काय आणि किती पडते हा मोठा प्रश्न आहे. तरीही ज्या घरात भाजी आणि लिंबू दोन्ही आहेत, त्या घरात हे माहीत नसावे याचे मला वाईट वाटते.

आता आमची चूकही सांगते. कालांतराने या विषयाची 'वही' झाली. धावदोरा, उलट टीप, काज आणि हूक यांचे नमुने रंगीत कागदावर चिकटवायचे, भोवती नक्षी काढायची आणि सुबक वहीला गुण द्यायचे. कित्येक वह्या मुलींच्या आयांनी शिवलेल्या असत. मला ते टाके ओळखू येत, तरी मी गुण देत असे.

लेथमशीन

क्षमस्व, परंतु या धाग्यात मी विरोधी सूर लावणार आहे.

मी आठवीत गेले ते साल १९८६. आमच्या शाळेत तेव्हा मुलांना 'टेक्निकल' होते आणि मुलींना गृहशास्त्र. निवड करायची नव्हती. यादी लागली तेव्हाच नावे वाटली गेली होती. माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, मला पान्यांचे क्रमांक तोंडपाठ होते आणि मला लेथ, म्हणजे धातू कातण्याचे यंत्र, चालवायचा होता. मी तसे विचारले. उत्तर मिळाले की कार्यशाळेत मुलींसाठी स्वतंत्र सोय नाही. पुढची तीन वर्षे मी झबली शिवली. बहुधा धावदोरा यांच्याइतक्याच प्रेमळ बाईंनी मला ती शिवायला शिकवली, आणि म्हणूनच तो राग कोणावर काढावा हे मला कधी समजले नाही.

तेव्हा 'गृहविज्ञान परत आणा' असे कोणी म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, कोणासाठी? मुलींसाठी असेल, तर ते ओटे उद्याच पाडा. घण मी आणते.

जुनी_पाने

लेथमशीन यांचा प्रश्न या विषयाच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा त्यांच्यासमोर जपानमधील महिला विद्यापीठाचा नमुना होता. स्त्रियांचे जीवन घराभोवती फिरते, तेव्हा त्यांच्या शिक्षणात घराचे शास्त्र असावे आणि ते मातृभाषेतून असावे, असा तो विचार होता. ज्या काळात मुलीला शाळेत पाठवणे हेच धाडस होते, त्या काळात 'घरासाठीच शिकते आहे' ही ढाल फार उपयोगी पडली असणार. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ चे. त्यामागेही अखिल भारतीय महिला परिषद होती. ढाल म्हणून घेतलेली वस्तू पुढे कुंपण झाली, असे माझे मत आहे.

मात्र लेथमशीन, आपल्याला हवे असलेले उत्तर कागदावर आपण आठवीत जाण्याच्या वीस वर्षे आधी लिहून झाले होते. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये एक समिती नेमली गेली. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, एवढाच तिच्यापुढचा विषय होता. शालेय स्तरावर असा भेद करू नये आणि पूर्वमाध्यमिक टप्प्यावर गृहविज्ञान मुलगे व मुली दोघांनाही समान शिकवावे, असे त्या समितीने सुचवले. पाठोपाठ कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) ही भूमिका उचलून धरली आणि गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे करू नये असे म्हटले. बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू या नात्याने हंसाबेनना गृहविज्ञानाची विद्याशाखा जवळून माहीत होती, त्यामुळे हे मत विषयाबद्दलच्या तुच्छतेतून आलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गंमत. कर्व्यांनी ज्या देशाकडे पाहिले, त्या जपानने कनिष्ठ माध्यमिक शाळेत १९९३ पासून आणि उच्च माध्यमिक शाळेत १९९४ पासून गृहशास्त्र मुलग्यांनाही मुलींच्या बरोबरीने अनिवार्य केले. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहत बसलो.

रोखठोक

इतिहास उद्बोधक आहे, परंतु वेळापत्रक इतिहासावर चालत नाही. दिवसाला आठ तासिका असतात. त्यात तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे, शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव बसवायचे आहे. शिवाय शिक्षकांना निवडणूक आणि सर्वेक्षणे आहेतच. समाजाला जे जे खटकते ते शाळेने शिकवावे, असे आपण किती दिवस म्हणणार? वाहतुकीचे नियम शाळेने शिकवावेत, कचरा शाळेने शिकवावा, आता डाळ-भातही शाळेनेच शिकवावा. डाळ-भात घरी शिकायचा असतो. आईवडिलांना वेळ नाही, ही अडचण शाळेची नव्हे.

उसाचा_मळा

रोखठोक काका, घर कोणाचे, हेही पाहायला हवे. मी एका आश्रमशाळेत शिकवतो. माझ्या वर्गातील मुले वर्षातील दहा महिने वसतिगृहात राहतात, आणि ऊसतोडणीच्या हंगामात ज्यांचे आईवडील कारखान्याच्या फडावर असतात त्यांना दिवाळीनंतर घर असे राहतच नाही. त्यांनी डाळ-भात कोणाकडून शिकावा?

हिशेबनीस

पाणवठा यांच्या मुलाच्या मोबाइलकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो असल्याने माझे गेले.

रोख किंमत २२,५०० रुपये होती. हप्त्यांनी घेतल्यामुळे १,५०० रुपयांची सूट गेली आणि वर ५०० रुपये शुल्क सुरुवातीलाच भरावे लागले. म्हणजे प्रत्यक्षात आपल्याला २२,००० रुपये उसने मिळाले आणि सहा महिन्यांत आपण २४,००० रुपये परत करणार. प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जाते हे धरून दर काढला, तर तो वर्षाला सुमारे ३० टक्के येतो. 'शून्य टक्के' ही अक्षरे दुकानाच्या काचेवर असतात, हिशेबात नसतात.

असाच दुसरा सापळा 'सरळ दरा'चा, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज धरण्याचा. ६०,००० रुपये दोन वर्षांसाठी सरळ १२ टक्क्यांनी घेतले, तर व्याज १४,४०० रुपये आणि हप्ता ३,१०० रुपये. ग्राहकाला वाटते की आपण १२ टक्के देतो आहोत. घटत्या शिलकीवर मोजले, तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास असतो. नववीच्या मुलाला हे समजायला नवीन गणित लागत नाही. फळ्यावर २४ ओळींचा तक्ता मांडावा लागतो. रोखठोक, त्यासाठी नवी तासिकाही लागणार नाही, गणिताच्याच दोन पुरतील.

रोखठोक

याला माझी हरकत नाही. परंतु मग विषय गणिताचा झाला, गृहविज्ञानाचा नव्हे.

कोतवाल_उत्तरेचा

मी आठ वर्षे फिनलंडमध्ये राहतो. येथे सातवीत मुलगे-मुली सर्वांना 'कोतितालोउस' हा विषय अनिवार्य आहे. फिनिश भाषेत 'कोति' म्हणजे घर. मराठीत 'कोता' म्हणजे संकुचित, हे मी माझ्या मुलीला सांगितले तेव्हा तिला फार हसू आले.

आठवड्यातून एकदा सलग तीन तास वर्ग असतो. चार-चार मुलांचे गट स्वयंपाक करतात, एकत्र बसून जेवतात, मग भांडी घासून ओटा पुसतात आणि कचरा वेगळा करतात. धुलाईयंत्रात कोणता कपडा किती तापमानाला टाकायचा, पाकिटावरचे घटक कसे वाचायचे, हेही त्यातच येते. माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. मुलीच्या शिक्षिका मला म्हणाल्या की त्या गुण देताना पदार्थाच्या चवीपेक्षा काम कसे वाटून घेतले गेले हे पाहतात. माझ्या मुलीच्या गटातील एक मुलगा दर वेळी फक्त कांदा चिरून बाजूला उभा राहत असे. त्याला त्यांनी पूर्ण महिनाभर भांड्यांवर ठेवले.

रोखठोक यांच्या मुद्द्याला माझे उत्तर एवढेच की गणिताच्या तासिकेत व्याज शिकता येईल, पण कांदा चिरून बाजूला उभे राहणाऱ्याचे काय करायचे ते शिकता येणार नाही.

लेथमशीन

त्या शिक्षिकेला माझा नमस्कार सांगा.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणातील आकडे मी कधीकाळी टिपून ठेवले होते. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसातून काही ना काही विनामोबदला घरकाम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. म्हणजे चारपैकी तीन पुरुषांच्या दिवसात घरकाम असे काही घडतच नाही. हे आकडे सर्वेक्षणात येण्यापूर्वी, आठवीच्या यादीत नावे वाटली जातात तेव्हाच तयार होतात, असे मला वाटते. त्यामुळे मी माझे आधीचे म्हणणे थोडे बदलते. घण आणते, पण पाटीसाठी. ओटे राहू द्या, 'मुलींसाठी' हे न लिहिता लिहिलेले पुसून टाका.

खमंग

माझ्या ९७ मिनिटांत चहा धरला जातो का?

खुरपे_आणि_मल्टिमीटर

उशिरा आलो. एवढा वेळ कोणी पाबळचे नाव कसे काढले नाही?

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय उभा राहिला. आठवड्यातील एक दिवस हाताने काम करायचे. त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, चारही भाग सर्वांना. लेथमशीनताई, आपल्याला जे हवे होते ते येथे वेल्डिंगच्या ठिणग्यांसह मिळाले असते.

मी अशा एका शाळेत सहा वर्षे निदेशक होतो. गृह व आरोग्याच्या दिवशी मुले चिक्की करत, रक्तगट तपासायला शिकत, नाचणीचे पदार्थ करत. चिक्की झाली की खरे काम सुरू व्हायचे ते खर्च काढण्याचे. शेंगदाणे, गूळ, गॅस, पाकीट आणि स्वतःच्या श्रमाचा दर धरून एका वडीची किंमत काढायची आणि मग ती शिक्षकांना विकायची. पहिल्या वर्षी आमच्या मुलांनी गॅस धरलाच नव्हता. तोटा झाला. पुढच्या खेपेला एका मुलाने शेगडी पेटवण्याआधी आणि नंतर टाकीचे वजन करायचा हट्ट धरला. तो नापासांच्या यादीतला मुलगा होता. काटा धान्याचा असल्याने आकडा काही विश्वासार्ह आला नाही, परंतु त्याच्या त्या हट्टासाठी मी अख्खा विषय पत्करीन.

पाणवठा, आपल्याला ओटे आणि रोबोटिक्स यांतून एक निवडायचे आहे, ही मांडणीच मला चुकीची वाटते. प्रेशर कुकर उघडून त्याची रिंग, शिटी आणि सेफ्टी वॉल्व्ह दाखवा. वाफ कोंडल्यामुळे आत पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते आणि म्हणून डाळ लवकर शिजते, हे सांगा. त्या वॉल्व्हच्या जोडीला संवेदक (सेन्सर) बसवला की आपले रोबोटिक्स सुरू.

जागे_गिऱ्हाईक

टाकीच्या वजनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी एका ग्राहक संघटनेचा जुना कार्यकर्ता. शाळांमधून मी एकच पाठ घेत असतो, त्याला साहित्यही वर्गातल्या मुलांनी घरूनच आणायचे असते.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असायला हवा. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर कोरलेले असते. घरी आलेल्या टाकीचे वजन करून दाखवायला सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. दोन्हींची वजाबाकी करावी. टाकीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, त्याप्रमाणे पुढे. ती तिमाही उलटून गेली असेल, तर त्या टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी होती, आणि अशी टाकी घेऊ नये. मी आजवर ज्या ज्या वर्गात हे विचारले, त्यांपैकी बहुतेक वर्गांत एकाही हाताला उत्तर माहीत नव्हते, शिक्षकांच्याही.

मग पाकिटे. छापील कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात, तेव्हा बाटली थंड करण्याचे दोन रुपये वेगळे मागणे बेकायदा आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक हवा. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. सध्याचा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू झालेला. आता जिल्हा आयोगापुढे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही. दहावीच्या पुस्तकात हक्कांची यादी असते, मुले ती पाठ करतात आणि मधल्या सुट्टीत थंड बाटलीचे दोन रुपये जास्त देऊन येतात.

रोखठोक

मी आताच स्वयंपाकघरात जाऊन आलो. आमच्या टाकीवर 'बी' आहे आणि वर्ष गेल्या सालचे आहे. वितरकाला दूरध्वनी केला आहे.

वेळापत्रकाबाबतचे माझे मत कायम आहे. परंतु आठवड्यातून एकदा आणि गुण न देता होत असेल, तर मी आडवा येणार नाही. गुण आले की वह्या येतील, हे धावदोराताईंनीच लिहिले आहे.

धावदोरा

गुण नसले की मुख्याध्यापक तो तास गणिताला देऊन टाकतात, हेही मी २८ वर्षे पाहिले आहे.

पाणवठा

सर्वांचे आभार. शनिवारची सभा झाली, वृत्तांत देतो.

चारपैकी दोन ओटे राहणार. उरलेल्या अर्ध्या खोलीत रोबोटिक्सची टेबले येतील. आठवीच्या दोन्ही तुकड्यांना, मुलगे आणि मुली एकत्र, एकाआड एक शनिवारी दोन तासिका मिळतील. पहिले वर्ष गुण नाहीत. एका सदस्यांनी विचारले की मुलगे पोळ्या लाटणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी का. यावर पाच मिनिटे गंभीरपणे चर्चा झाली आणि शेवटी असे ठरले की संमती घ्यायचीच असेल तर ती गॅससाठी घ्यावी आणि दोघांच्याही पालकांकडून घ्यावी.

जे सुटले नाही तेही सांगतो. शिक्षकाचे पद नाही. विज्ञानाच्या बाई तयार आहेत, पण त्यांना शिवण येत नाही. संस्थेने खर्चाला मंजुरी फक्त टेबलांसाठी दिली आहे. आणि धावदोराताईंची भीती खरी ठरण्याची शक्यता मला नाकारता येत नाही, कारण मुख्याध्यापकांनी 'परीक्षा जवळ आल्या की पाहू' हे वाक्य दोनदा उच्चारले.

हिशेबनीस यांचा मोबाइलचा तक्ता मी मुलाला दिला. त्याने तो स्वतः पुन्हा मांडला, ३०.५ टक्के काढले आणि आईला दाखवायला नेला. घरात दोन दिवस वातावरण जरा तंग आहे.

पहिल्या शनिवारी टाकीचे वजन करायचे, हे नक्की झाले. धावदोराताई, त्या पाच पायमशिनींचे काय करावे? दोन जाम आहेत, एकीचा पट्टा तुटला आहे. गावात दुरुस्त करणारे कोणी उरलेले नाही.

धावदोरा

भंगारात देऊ नका. जाम मशीन बहुतेक वेळा बिघडलेले नसते, सुकलेले असते. बॉबिनची डबी काढून खालचा भाग उघडा. आत दोऱ्याचे तुकडे आणि काळी धूळ यांची गुठळी सापडेल. ती ब्रशने काढा. मग जुने तेल विरघळावे म्हणून प्रत्येक छिद्रात दोन थेंब रॉकेल सोडा, चाक हाताने हळूहळू मागेपुढे करा, फडक्याने पुसा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राचे तेल घाला. खोबरेल घालू नका, ते घट्ट होते. पट्टा नवा आणावा लागेल. जुना सोबत नेऊन लांबी जुळवून घ्या.

आणि हे सगळे तुम्ही करू नका. आठवीच्या मुलामुलींना करू द्या.

लेथमशीन

कोणता शनिवार, तेवढे कळवा. माझे माहेर तेथून दोन तासांवर आहे. पाने मी घेऊन येते.